आईची शपथ

2014 चा मे महिना. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं मुलींचं होस्टेल, दुसरा मजला, चार कॉटची रूम, दोघींचे पेपर संपले म्हणून त्या घरी गेलेल्या आणि आम्ही दोघी, मी आणि माझी रूममेट, एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या बॅकलॉगसाठी मागे राहिलेलो. दुपारची लाईट गेली होती. मी ओला टॉवेल मानेवर टाकून बसले होते आणि ती सनकोट घालून. आता पुण्यात सनकोटचं कुणाला काही वाटत नाही, स्कूटीवर बसायचं म्हणजे सनकोट, स्कार्फ, हातमोजे, सगळ्याच मुली तशा फिरतात, पण रूममधे, पंखा बंद असताना? मी दोनदा म्हटलं अगं काढ की तो कोट, उकडत कसं नाही तुला. म्हणाली थंडी वाजतेय. मग माझ्या बाजूची पाण्याची बाटली घ्यायला तिने हात लांब केला आणि बाही कोपरापर्यंत वर सरकली.

काय दिसलं ते मी लिहिणार नाही. ज्यांनी अशी स्वतःच्या हाताने स्वतःला इजा कधी केलीये किंवा ज्यांना करावीशी वाटतेय त्यांना तो तपशील वाचून त्रासच होतो आणि बाकीच्यांना त्याची गरज नाही. एवढंच सांगते की त्यात जुनं होतं आणि ताजंही होतं, म्हणजे मी त्याच खोलीत, तिच्यापासून चार फुटांवर झोपत होते आणि मला कित्येक महिने काही कळलं नव्हतं.

मी आधी ओरडले. मग रडले. आणि मग आपल्याकडे कुणीही जे करेल तेच केलं, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, आईची शपथ घे, परत असं करणार नाहीस. ती गप्प. मी म्हटलं घे आत्ताच्या आत्ता, नाहीतर मी तुझ्या घरी फोन लावते. तिने घेतली. मग आम्ही दोघी रडलो, मेसमधे जाऊन जेवून आलो आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली.

ऑगस्टमधे कळलं की काहीही थांबलेलं नव्हतं. लपवणं तेवढं जास्त नीट झालं होतं. मी चिडलेच, एका खोलीत राहतो आपण, मला सांगितलं का नाहीस? तिचं उत्तर मला आजही जसंच्या तसं आठवतं. "तुला सांगितलं असतं म्हणजे शपथ मोडली असं झालं असतं ना. आईला बीपी आहे गं माझ्या."

शपथेने कुणाच्या आईला काही होत नाही हे तिला कळत होतंच, इंजिनिअरिंगची मुलगी ती. पण रात्री दोन वाजता कळणं वेगळं आणि वाटणं वेगळं. माझ्या शपथेमुळे झालं काय, तर आधी तिच्याकडे एक ओझं होतं, आता दोन झाली. आधी नुसती लाज होती, आता आपण आईचा जीव पणाला लावला ही भीतीसुद्धा. आणि जिला सांगता आलं असतं अशी एकच व्यक्ती त्या होस्टेलमधे होती, ती मी, तर माझं दार मीच बाहेरून कडी लावून बंद केलं होतं. त्या रात्री मला झोप लागली यावरून तरी मला कळायला हवं होतं की ती शपथ मी कुणासाठी घ्यायला लावली होती.

हे सगळं आज लिहितेय कारण मी आता स्वतः एका कॉलेजमधे शिकवते आणि दर सेमिस्टरला कुणीतरी पोरगी किंवा पोरगा माझ्यासमोर येऊन बसतो, बहुतेक वेळा मित्राबद्दल बोलायला, आणि शंभरातल्या नव्वद वेळा त्या मित्राला आधीच शपथ घ्यायला लावलेली असते.

ती असं का करत होती हे समजायला मला खूप वेळ लागला. माझी पहिली समजूत हीच की हिला मरायचंय. ती म्हणाली, नाही गं, मरायचं असतं तर मला कळलं असतं, मला ते सहन होत नाही एवढंच. ते म्हणजे काय हे तिला सांगता यायचं नाही. छातीत काहीतरी भरत जातं, आवाज वाढत जातो, डोकं फुटेल असं वाटतं, किंवा याच्या अगदी उलट, काहीच वाटेनासं होतं, आपण आहोत की नाही तेच कळत नाही. आणि मग त्यानंतर काही मिनिटं शांत. आणि मग लाज. ती लाज इतकी मोठी की दोन दिवसांनी तिच्यामुळेच परत छाती भरायला लागायची. हे चक्र आहे, आणि त्यातल्या त्या काही मिनिटांच्या शांततेमुळे ते सुटायला अवघड जातं हे मानसोपचारवाले नीट समजावून सांगतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं डीएसएम-5 नावाचं मोठं पुस्तक 2013 ला आलं, त्यात मरण्याचा हेतू नसताना स्वतःला इजा करून घेणं ही गोष्ट अजून अभ्यास हवा अशा यादीत पहिल्यांदा वेगळी मांडली गेली. वेगळी याचा अर्थ किरकोळ असा मात्र घेऊ नका. जे हे करतात त्यांच्यात पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढलेला दिसतो, त्यामुळे थेट विचारावं लागतंच, मरायचे विचार येतात का म्हणून. विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही आपली एक समजूत आहे, ती चुकीची आहे.

आणि हे एकट्या-दुकट्याचं नाही. अमेरिकेतल्या दोन युनिव्हर्सिट्यांमधल्या विद्यार्थ्यांचा कॉर्नेलच्या जॅनिस व्हिटलॉक आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2006 मधे आला होता, त्यात साधारण 17 टक्के मुलांनी आयुष्यात कधी ना कधी असं केल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या तिघांतल्या एकाहून जास्त जणांनी सांगितलं की हे कुणालाही, म्हणजे कुणालाच माहीत नाही. मला पहिल्यापेक्षा हा दुसरा आकडा जास्त लागला. तो वाचताना मला आमची चार कॉटची रूम दिसत होती.

तिच्या घरचं थोडं सांगते, नाहीतर वाटेल की घरचे वाईट होते. अजिबात नव्हते. परभणी जिल्ह्यातलं गाव, वडलांची कोरडवाहू जमीन, मराठी शाळा, बारावीला चांगले मार्क, सीईटी, कॅप राऊंड आणि थेट पुणे. गावात एसटी स्टँडपाशी तिच्या फोटोचा फ्लेक्स लावला होता, गावाची शान वगैरे, खाली वीस-पंचवीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट साईज फोटो. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले. पहिल्याच ओरलला एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, इंग्रजीत प्रश्न विचारला, उत्तर येत होतं पण तोंडातून शब्द फुटला नाही, सर म्हणाले ॲडमिशन कशी मिळाली हो तुम्हाला. त्या दिवाळीत ती घरी गेली तर तो फ्लेक्स तिथेच होता. उन्हाने तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला, पण टक्के नीट वाचता येत होते. ती म्हणायची, मला बसमधून उतरायला नको वाटतं, स्टँडवर ती बसलेली असते.

रोज रात्री आठला घरून फोन. जेवलीस का? हो. अभ्यास? चाललाय. पैसे आहेत ना? आहेत. ठेवू? ठेव. त्या चार प्रश्नांत त्या माऊलीचा सगळा जीव ओतलेला असायचा, मला शेजारच्या कॉटवर ऐकू यायचं. पण चारही प्रश्न असे की त्यांचं उत्तर हो, आहे, चाललंय एवढंच होऊ शकतं. एखाद्या दिवशी उत्तर "नाही" असेल तर त्याच्यापुढे काय बोलायचं हे फोनच्या दोन्ही टोकांना कुणालाच माहीत नव्हतं.

हे शब्दांचं मला फार वाटतं. आमच्या होस्टेलमधे एकच शब्द होता, टेन्शन. सबमिशनचं टेन्शन, घरचं टेन्शन, वायडी लागेल, म्हणजे वर्ष वाया जाईल, याचं टेन्शन, ब्रेकअप झालं तरी टेन्शन, आणि आत काहीतरी फाटत चाललंय त्यालाही टेन्शनच. आणि टेन्शनवर उत्तरही एकच, नको घेऊ टेन्शन. बास, विषय संपला. आणि माझी आजी, चौथी शिकलेली, तिच्याकडे किती शब्द होते! जिवाची उलघाल होणं वेगळं, घालमेल वेगळी, तगमग वेगळी. हुरहुर म्हणजे कुणी जायचं असताना संध्याकाळी होते ती. धाकधूक निकालाआधीची. काहूर माजतं ते कारण सापडत नसताना. कोंडमारा घरात राहूनही होतो, घुसमट गर्दीतही होते. चार दिवस फोन नाही आला की म्हणायची, काळीज नुसतं लकलक करतंय माझं. डॉक्टरकडे कधी गेली नाही ती या कशासाठी, पण दुपारी ओट्यावर बसून शेजारणीला सांगायची, आज फार उलघाल होतेय गं, आणि शेजारीण हो म्हणायची, आणि दोघी मिळून गहू निवडायच्या. मी काही जुनं सगळं सोनं होतं असं म्हणत नाही, त्या ओट्यावरच्या बायकांनी काय काय गिळलंय ते मला माहितीये. पण नाव घ्यायला शब्द तरी होता त्यांच्याकडे.

आणि नाव घेतल्याने खरंच काहीतरी होतं. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचे मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या टीमने 2007 मधे मेंदूचे स्कॅन करून दाखवलं होतं की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला माणूस शब्द देतो तेव्हा मेंदूतला अमिग्डाला नावाचा, धोक्याची घंटा वाजवणारा भाग तेवढा जोरात पेटत नाही. ते मी वाचलं आणि मला आजीचे गहू आठवले.

आमच्याकडे मात्र तेव्हा यातलं काहीच नव्हतं. सप्टेंबरमधे दुसऱ्या एका मुलीने बघितलं आणि रेक्टर मॅडमना सांगितलं. मॅडम वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. उद्या काही झालं तर जबाबदार कोण, पोलीस केस झाली तर काय, होस्टेलचं नाव खराब होईल. दुसऱ्या दिवशी तिच्या आईवडलांना बोलावून घेतलं, ते रात्रभर एसटीने आले, आणि ऑफिसमधे सगळ्यांच्या देखत, क्लार्क कुठलातरी फॉर्म भरतोय, शिपाई उभा आहे, तिला बाही वर करून दाखवायला लावली. मी दारात उभी होते. वडलांनी बघितलं आणि मान खाली घातली ती घातलीच. आई पुढे झाली, तिने पटकन मुलीची बाही खाली ओढली, पदराने तिचा हात झाकला आणि म्हणाली, एवढं काय झालंय, पोरीला थंडी वाजतेय. त्या बाईला काय चाललंय ते काही समजलेलं नव्हतं पण सबंध ऑफिसात योग्य वागलेली ती एकटीच होती.

तिला एक सेमिस्टर घरी पाठवलं. परभणीहून कुणाच्यातरी ओळखीने ती एका सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत गेली, केसपेपर काढून, लाईनीत बसून. तिथल्या मॅडम अर्धा तास बोलल्या, गोळ्या काही महिने होत्या, नंतर नुसतं बोलणं. जानेवारीत परत आली तेव्हा मी तिच्याबरोबर एकदा गेले, आणि बाहेरच्या बाकड्यावर त्या मॅडमनी मला जे सांगितलं ते मी आजपर्यंत वापरतेय. शपथ घ्यायला लावू नकोस. थांब असं म्हणू नकोस, तिला थांबता येत असतं तर ती थांबलीच असती. विचार, आत्ता त्रास दहापैकी किती आहे? आठ म्हणाली तर आठ. घाबरू नकोस, लेक्चर देऊ नकोस, जवळ बस. लाट असते ती, चढते तशी उतरते, उतरेपर्यंत सोबत लागते. आणि मरायचं म्हणाली किंवा नुसती शंका आली तरी मग तू एकटी सांभाळत बसू नकोस, गुपित वगैरे काही ठेवायचं नाही, मोठ्या माणसाला सांगायचं, तिला एकटं सोडायचं नाही, हॉस्पिटलला आणायचं.

थंड पाण्याचंही त्यांनीच सांगितलं. बादलीत गार पाणी घ्यायचं, श्वास रोखून काही सेकंद चेहरा बुडवायचा, ठोके हळू होतात, शरीर आपोआप शांत होतं. ज्यांना हार्टचा त्रास आहे किंवा जे जेवत नाहीयेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मला आधी वाटलं हे काय, घरगुती काहीतरी. नंतर समजलं की हे डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, नावाच्या उपचारपद्धतीत शिकवतात, आणि ती ज्यांनी उभी केली त्या सिॲटलच्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान स्वतः 17 व्या वर्षी हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या, स्वतःला इजा करून घ्यायच्या म्हणून. इतकी वर्षं प्रोफेसर म्हणून काम केलं, जगभर नाव झालं, आणि 2011 मधे त्याच हॉस्पिटलमधे जाऊन लोकांसमोर त्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं. तिला मी हे वाचून दाखवलं तेव्हा ती कितीतरी वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, म्हणजे बाईंनी स्वतःसाठीच शोधलं की.

आमच्या बाथरूममधे लाल बादली होती, मेसच्या माठातलं पाणी तांब्याने आणून त्यात ओतायचो. किती रात्री मी त्या बाथरूमच्या दाराबाहेर पाटावर बसून एम-थ्रीची लाप्लासची गणितं मोठ्याने वाचलीयेत. तिने सांगितलं होतं, काहीही बोल पण बोलत राहा.

आता परिस्थिती थोडी बदललीये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो मे 2018 पासून लागू झाला, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि त्याला उपचार देणं सरकारचं काम असं ठरलंय, म्हणजे पोलीस केसच्या भीतीने गप्प बसण्याचं कारण उरलेलं नाही. ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस आहे, 14416, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. मी तो नंबर माझ्या लॅबच्या दारावर, बॅचच्या टाईमटेबलशेजारी चिकटवलाय. जुलै 2025 मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील त्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक तरी प्रशिक्षित समुपदेशक हवा. उत्तम झालं. पण ती खोली कुठे असते हेही बघा एकदा. मी पाहिलेल्या एका ठिकाणी ती प्राचार्यांच्या केबिनला लागून आहे, समोर फी काउंटरची रांग. तिथे आत शिरणारं पोरगं सगळ्या वर्गाला दिसतं. जिन्याखालची एखादी अडगळ दिली असती तरी चाललं असतं, पण पोरांना कुणी न बघता आत जाता आलं पाहिजे हो.

आणि मुलग्यांकडे लक्ष असू द्या. त्यांचं हे रागाच्या नावाखाली जातं. हाताला प्लास्टर घालून येतो, मित्र सांगतात भांडण झालं, आपण म्हणतो तापट आहे. एकाला मी प्रॅक्टिकल संपल्यावर थांबवून एवढंच विचारलं, दहापैकी किती? तो मल्टीमीटरच्या वायरी गुंडाळत बसला, दोन वेळा उलगडून परत गुंडाळल्या. मग म्हणाला, नऊ, मॅडम. तोपर्यंत त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

ती आता नाशिकला असते, नोकरी करते. पूर्ण बरी झाली असं मी म्हणत नाही कारण तीच म्हणत नाही. कित्येक वर्षं काही नव्हतं आणि मग 2020 च्या लॉकडाऊनमधे एकदा झालं. सकाळी सात वाजता तिचा फोन, काल रात्री झालं गं. मी विचारलं धुतलंस का नीट, दुखतंय का, मरायचं वगैरे मनात होतं का, आत्ता किती आहे. म्हणाली धुतलं, मरायचं नव्हतं, आता चारवर आहे. मी म्हटलं बरं झालं सांगितलंस. ती म्हणाली, तुला सांगायला काय, तुझ्याकडे आता शपथ नाहीये. त्याच आठवड्यात तिने तिच्या डॉक्टरांची फोनवरची अपॉइंटमेंट घेतली.

आजीचे शब्द मी तिला कधीतरी लिहून दिले होते, आता आमचं ते चालतं. मेसेजमधे एकच शब्द येतो. हुरहुर आली तर मी रात्री सावकाश फोन करते. उलघाल आली तर लगेच.

गेल्या महिन्यात उलघाल आली. मी कणीक मळत होते, फोन स्पीकरवर टाकला. किती? सात. बरं. मग ती काही बोलली नाही आणि मीही नाही. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, माझ्याकडे कणकेचा हात ताटलीवर आपटत होता, मुलगा येऊन काहीतरी मागून गेला, तिच्याकडे दुसरी शिट्टी. मी पोळ्या लाटायला घेतल्या. सहाव्या की सातव्या पोळीला ती म्हणाली, "भात झाला. ठेवते."